रोज एकाच ठिकाणी तापणारी गाडी

नमस्कार, रामराम, गुड मॉर्निंग यातलं काहीही आमच्या ड्रायव्हरकाकांच्या तोंडून मी कधी ऐकलं नाही. सकाळी पावणेसहाला डेपोत माणूस समोर आला की ते एकच विचारायचे, "पानी पेलं का?" समोर मोठे साहेब असोत, वर्कशॉपचा मिस्त्री असो, नाहीतर नुकताच डोळे चोळत उठलेला वॉचमन असो. एकदा आमच्या एका सहकाऱ्याचे वडील वारले म्हणून आम्ही सगळे त्याच्या घरी भेटायला गेलो. काकांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, "सकायपासून पानी पेलं का?" आम्ही लाजेनं माना खाली घातल्या. तो मात्र म्हणाला, "नाई ना जी." काका उठले, स्वयंपाकघरातून तांब्या मागून आणला आणि घरातल्या एकेकाला, समोर उभं राहून, पाणी पाजलं. परत येताना मला म्हणाले, "रडाले बी पानी लागते, बाई."

मी तेव्हा नवीन कंडक्टर होते आणि पहिल्याच वर्षी मला काकांच्या गाडीवर टाकलं होतं. डेपोतून निघायचं, बोरी अरबवरून पार आतल्या शेवटच्या खेड्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. अशा दिवसाला दोन फेऱ्या. ड्युटी सहाला सुरू, सुटका दुपारी तीनला. काकांची निवृत्ती तेव्हा दीडेक वर्षावर आलेली. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, बोलणं मोठ्यानं, कारण इंजिनाशेजारी आयुष्य गेलेलं. त्यांच्या खिडकीबाहेर एक छागल लटकलेली असायची. जाड कापडाची पाण्याची पिशवी, आताच्या पोरांनी पाहिलीही नसेल. झिरपून झिरपून तिच्यातलं पाणी गार व्हायचं आणि तिच्याखाली गाडीच्या पत्र्यावर गंजाचा एक लांब ओघळ पडला होता. बाटलीतलं विकतचं पाणी कोणी पुढं केलं तर ते हात जोडून म्हणायचे, "नाई जी, ते मेलेलं पानी हाय."

ते घड्याळ बघून पाणी प्यायचे नाहीत, रस्ता बघून प्यायचे. रेल्वे फाटकाला दोन घोट. बोरी अरबच्या स्टँडवर पोटभर. मोठ्या चिंचेपाशी माणसं चढेपर्यंत पुन्हा दोन. छागल उचलायची, मान मागं टाकायची आणि धार सरळ घशात सोडायची. ओठाला तोटी लागायची नाही की शर्टावर थेंब पडायचा नाही. उन्हाळ्यात हे थांबे वाढायचे, हिवाळ्यात कमी व्हायचे.

एक मास्तर रोज आमच्या गाडीनं यायचे. त्यांनी मोबाईलमध्ये काहीतरी बसवून घेतलं होतं, तासातासाला ते टुंग वाजायचं आणि मास्तर बाटली काढून मोजून एक घोट घ्यायचे. पहिल्या दिवशी काकांनी आरशातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, "मास्तर, हे काय वाजून राह्यलं?"

"पाणी प्यायची आठवण करतं."

"कोनाले?"

"मला."

काकांनी गिअर टाकला. मग पुढच्या थांब्यावर मागं वळून म्हणाले, "मास्तर, मी काय म्हनतो, बैल तुमच्यापेक्षा बरा. वावरात ऊन लागलं का पेते, सावलीत बसला का कमी पेते. तुमी उन्हात बी तेवढंच आन पंख्याखाली बी तेवढंच." मास्तर हसले, पण मोबाईल वाजायचा थांबला नाही. पुढं तो वाजला की अख्खी गाडी ओरडायची, "मास्तर, फोनले तहान लागली."

तेवढ्यावर थांबतील तर ते काका कसले. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर जो पुरुष बसेल त्याची तपासणी व्हायची. डोकं दुखतं म्हणा, थकवा म्हणा, कंबर धरली म्हणा, काका इंजिनाच्या वरताण आवाजात विचारायचे, "सकायी लघवी कशी झाली? पिवयी का पांढरी?" मागच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. तो बिचारा इकडंतिकडं बघत हळूच म्हणायचा, "पिवयी." मग काका निकाल द्यायचे, "मंग गोया कायले खाता? पानी प्या, आन दोन दिवसानं सांगा." दोन दिवसांनी माणसं खरंच येऊन सांगायची, तेही त्याच आवाजात. मला मात्र त्यांनी "पानी पेलं का" याच्या पलीकडं कधी काही विचारलं नाही. आणि मी रोज खोटं सांगायचे, "पेलं काका."

गावागावच्या पाण्याचं त्यांचं एक गणित होतं आणि ते तुरीच्या डाळीवर चालायचं. ज्या पाण्यात डाळ मऊ शिजते ते चांगलं. ज्यात दाणे आख्खे राहतात ते वाईट. भाचीला चांगलं स्थळ आलं होतं. मुलाला नोकरी, ओलिताची जमीन, घर स्लॅबचं. काका मामा म्हणून बघायला गेले. पाहुणचाराला वरणभात वाढला. त्यांनी वरण बोटावर घेतलं, दाणा दाबून पाहिला, मुकाट्यानं जेवले आणि घरी येऊन नकार कळवला. बहीण चिडली. म्हणाली, "अरे, त्याईच्या घरी कुकर हाय." काका म्हणाले, "कुकर डाय शिजवंन. पोटातल्या खड्याले कोनता कुकर लावशीन?"

खड्याचं त्यांना का एवढं, तेही गाडीतल्या सगळ्यांना माहीत होतं. तरणे असताना त्यांना एकच घमेंड होती. एकदा स्टेअरिंगवर बसले की शेवटचा थांबा येईपर्यंत खाली उतरायचं नाही. पाणी पिलं की उतरावं लागतं, म्हणून पाणी प्यायचंच नाही. दहा वर्षांत मुतखडा झाला आणि एका दुपारी भरल्या गाडीसकट रस्त्याच्या कडेला थांबून ते गडाबडा लोळले. पुढं तो खडा पडला, तुरीच्या दाण्याएवढा. काकांनी तो धुऊन, पुसून एका रिकाम्या चुन्याच्या डबीत ठेवला आणि डबी खाकी शर्टाच्या खिशात. आपल्याकडं गाडीत अनोळखी माणसाकडंही तंबाखूला चुना मागायची पद्धत आहे. काकांच्या खिशातली डबी बघून एका शेतकऱ्यानं हात पुढं केला. काका गर्दीत गिअर टाकत होते, त्यांनी न बघताच डबी दिली. त्या गृहस्थानं खडा तळहातावर घेतला, वाळलेला चुना समजून अंगठ्यानं जोर लावून चोळला, नखानं टोकरला. "ड्रायव्हर साहेब, चुना लय कडक हाय तुमचा." काकांनी मागं बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "तो चुना नाई जी, तो माह्या पोटातून निंगाला." त्या माणसानं तंबाखू खिडकीतून फेकली, आणि ऐकलं ते खरं असेल तर पुन्हा कधी खाल्ली नाही.

हे सगळं ऐकून मी खो खो हसायचे आणि पाण्याचा थेंब न पिता तिकिटं फाडायचे. म्हणजे आता मशीनमधून काढायचे, पण तोंडात बसलेला शब्द जात नाही.

मी पाणी का पीत नव्हते ते बायांना सांगायला नको. नऊ तास गाडीत. वाटेवरच्या थांब्यांवर निवारा असला तर असला, बाकी काही नाही. पुरुष झाडामागं जाऊन येतात, आम्ही झाडाकडं बघतो. डेपोत बायकांसाठी एक खोली होती, पण तिला कुलूप, आणि किल्ली वर्कशॉपमध्ये खिळ्याला टांगलेली. किल्ली मागायची म्हणजे पाना हातात घेतलेल्या दहा पुरुषांसमोर जाऊन उभं राहायचं. त्यातला एक तरी मुद्दाम विचारणार, "कायची किल्ली म्याडम?" एकदा मागितली, पुन्हा मागितली नाही. आम्ही चार कंडक्टर बाया होतो, चौघींनीही एकच उपाय काढला होता. सकाळी अर्धा कप चहा, तोंडात लवंग, आणि पाणी एकदम घरी गेल्यावर. ही विद्या आम्ही शाळेतच शिकलो होतो. मी पाण्याची बाटली सोबत ठेवायचे, पण ती लोकांना दिसावी म्हणून.

एप्रिलमध्ये अंग तापानं फणफणलं. लघवीची जळजळ अशी की डोळ्यांतून पाणी यायचं. हिवाळ्यातही एकदा असंच झालं होतं, तेव्हा मी घरगुती काढ्यांवर भागवलं होतं. या वेळी नवऱ्यानं डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांदा झालंय. हे वर चढलं तर किडनीपर्यंत जाईल. पाणी प्या, लघवी अडवून धरू नका. ते जमत नसेल तर नोकरी बदला." सासूबाई म्हणाल्या, "सोड बावा ते गाडी." मी आठ दिवस घरी पडून हाच विचार करत होते. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी होती. माझ्या माहेरी आणि सासरी मिळून पगार घेणारी मी पहिली बाई. महिनाभर बघू, नाहीतर राजीनामा, असं ठरवून मी कामावर गेले. काकांना सांगितलं ते फक्त, "ताप होता."

त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "पानी पेलं का?" मी म्हटलं, "पेलं." त्यांनी माझ्या सीटजवळ टांगलेल्या बाटलीकडं एकवार पाहिलं आणि गाडी सुरू केली.

त्याच आठवड्यात आमची गाडी तापायला लागली.

बोरी अरबच्या अलीकडं एक फाटा आहे. तिथं एक पंक्चरचं दुकान आणि मागं चार खोल्यांचं घर. सकाळी परतीच्या वाटेवर, सव्वानऊच्या सुमारास, काकांनी गाडी तिथं बाजूला घेतली. "रेडिएटर तापलं," म्हणाले. गाडी जुनी, काटा कधीचा बंद पडलेला, त्यामुळं तापली की नाही हे काकांच्या नाकावरच ठरायचं. त्यांनी बॉनेट उघडलं, आत डोकं घातलं आणि मला म्हणाले, "बाई, त्या घरून बादलीभर पानी आना."

मी गेले. दारात पंक्चरवाल्याची आई उभी होती. सगळा गाव त्यांना खाला म्हणायचा. त्यांनी माझ्या हातातली बादली काढून घेतली. "बादली मैं भरती. तू पयले पीछे जाके आ, बेटी. साबन रख्खा है." मागं पांढरं धुतलेलं, आतून कडी असलेलं, बादलीभर पाणी भरून ठेवलेलं न्हाणीघर आणि शौचालय. परत आले तर खालांनी तांब्याभर पाणी समोर धरलं. "पूरा पी. गाडी का पानी बाद में." मी पूर्ण तांब्या रिकामा केला. नोकरी लागल्यापासून ड्युटीवर पोटभर पाणी प्यायची ती माझी पहिली वेळ. मला रडूच आलं, आणि मी ते घाम पुसल्यासारखं पुसलं.

दुपारी दीडला दुसऱ्या फेरीतही गाडी तिथंच तापली. दुसऱ्या दिवशीही. मी मनात म्हटलं, काय नशीब आहे, तापायचं तर हिनं नेमकं खालाच्या दारात तापावं. एवढी शिकलेली बाई मी, पण उन्हाळा गेला, पावसाळा गेला, मला शंका आली नाही. खाला भेटणार म्हणून मी आता सकाळी घरीही दोन पेले पाणी पिऊ लागले होते. दुखणं पुन्हा फिरकलं नाही. राजीनाम्याचं मी विसरूनच गेले.

शंका आली डिसेंबरात. सकाळी हात बाहेर काढवत नव्हता. गाडी फाट्यावर थांबली आणि घोंगडी पांघरलेल्या एका म्हाताऱ्यानं आतून विचारलं, "ड्रायव्हर, लोकं गारठून राह्यले आन तुमची गाडी कायले तापून राह्यली?" गाडी हसली. मीही हसले, बादली घेऊन आले आणि काकांच्या हातात देताना पहिल्यांदाच नीट पाहिलं. बॉनेटच्या आडोशाला, रस्त्याच्या कडेला, कडुनिंबाचं एक रोप होतं. काकांनी रेडिएटरचं झाकण उघडलंच नाही. बादली रोपाला घातली. आठ महिने दिवसाला दोन बादल्या पिऊन ते रोप माझ्या खांद्याला आलं होतं.

दुपारी मी खालांना विचारलं. त्या हसल्या. "तेरे ड्रायवर ने अप्रैल में आके बोला था, एक बेटी आयेंगी, उसकू जगह साफ रखना. मैं बोली, बस रुकायेंगा कैसे? बोला, वो मेरे पे छोड दे."

मी काकांना काही बोलले नाही. गंभीर चेहऱ्यानं बादली नेऊन दिली, त्यांनीही गंभीर चेहऱ्यानं घेतली. या माणसानं साठ लोकांच्या गाडीत कोणाच्याही लघवीचा रंग विचारावा, आणि माझ्यासाठी मात्र अख्खी गाडी खोटी आजारी पाडावी, याचं मला हसू येत होतं आणि भरूनही येत होतं.

जानेवारीत तक्रार गेली. कोणी केली ते कळलं नाही. गाडी रोज दोनदा एकाच ठिकाणी मुद्दाम थांबवतात, असं लिहिलं होतं. मिस्त्रीनं रेडिएटर तपासलं आणि सांगितलं, काही बिघाड नाही. साहेबांनी आम्हाला दोघांना बोलावलं. काकांच्या निवृत्तीला पाच महिने उरले होते आणि इतक्या वर्षांत त्यांना एक मेमो नव्हता. ही गोष्ट ते खड्याच्या खालोखाल अभिमानानं सांगायचे.

"गाडी तापते का?" साहेबांनी विचारलं.

"तापते."

"मिस्त्री म्हणतो, तापत नाही."

"मिस्त्र्यानं हात लावून पाह्यली साहेब. म्या बसून चालवली."

"थंडीत? रोज सव्वानऊला?"

"टायमाची पक्की हाय गाडी," काका म्हणाले.

साहेबांना हसू आलं नाही. त्यांनी लॉगशीट पुढं ओढली. आठ-नऊ महिने रोज खोटी नोंद, मुद्दाम उशीर, म्हणजे मेमोवर भागणार नाही, वर चौकशीला पाठवावं लागेल, असं ते म्हणाले. "काय कारण आहे ते सांगा." काका खिडकीबाहेर बघत राहिले. ते सांगणार नव्हते हे मला स्पष्ट दिसत होतं. त्यांनी सांगितलं असतं तर ते माझं सांगणं झालं असतं, आणि दारात दोन क्लार्क, मिस्त्री आणि चहावाला कान देऊन उभे होते.

मी टेबलाजवळ सरकले.

"साहेब," मी म्हटलं, "गाडी तापत नाही. काका मला लघवीला जाता यावं म्हणून थांबवतात."

काकांनी डोळे मिटून घेतले. साहेबांच्या टेबलावर झाकलेला पेला होता. काकांनी हात लांब करून तो उचलला, झाकण काढलं आणि माझ्या हातात दिला. "पानी प्या, बाई." मी साहेबांच्या टेबलावरचं साहेबांचं पाणी साहेबांसमोर प्याले.

"डेपोत आहे ना बायकांसाठी," साहेब म्हणाले, पण आवाज खाली आला होता.

"त्याची किल्ली वर्कशॉपमध्ये असते. मागावी लागते."

"मग बाकीच्या तिघी काय करतात?"

"पाणी पीत नाहीत, साहेब."

साहेब उठले. दारातले लोक बाजूला झाले. ते सरळ वर्कशॉपमध्ये गेले, खिळ्यावरची किल्ली काढली, खोलीचं कुलूप उघडलं आणि ते कुलूप स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकलं. ते पुन्हा लागलं नाही. पुढच्या महिन्यात आमच्या वेळापत्रकात त्या फाट्यावर दोन्ही फेऱ्यांना पाच मिनिटांचा थांबा लिहून आला. चौकशी टळली. काकांना मेमो मात्र मिळाला. खोटं ते खोटं, साहेब म्हणाले. काकांनी त्याला चौकट करून घेतली आणि घरच्या भिंतीवर, लग्नाच्या फोटोशेजारी, खिळा ठोकून लावली.

पुढं एकदा मी त्यांना विचारलं, "काका, मला सरळ का नाही सांगितलं?"

"सरय कसं सांगता येते, बाई? तू रोज म्हने, पेलं पेलं. आन बाटली सकायी भरलेली, दुपारी बी तेवढीच भरलेली. खोट्याले मंग खोटंच बोलावं लागलं."

मेमध्ये ते निवृत्त झाले. नवा ड्रायव्हर तरुण आहे, कानात वायर घालून येतो, पण गाडी छान चालवतो. गेल्या महिन्यात एका सकाळी शेवटच्या खेड्याच्या थांब्यावर काका उभे दिसले. खांद्याला छागल. बहिणीकडं आले होते म्हणे. गाडीत चढले ते ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसले आणि त्याला म्हणाले, "पानी पेलं का?" तो कानातली वायर काढून म्हणाला, "काय?"

फाट्यावर गाडी थांबली. कडुनिंब आता गाडीच्या खिडकीच्या वर गेलाय. काकांनी एकदम कडक आवाजात विचारलं, "काहून थांबवली? गाडी तं तापली नाई."

"टायमात लिहून हाय काका," तो पोरगा म्हणाला. "कायले ते मले नाई मालूम."

काकांनी मान डोलावली. मी उतरले. माझ्यामागं गाडीतल्या पाचसहा बायकाही उतरल्या, त्या रोजच उतरतात. खालांनी आता दुसरी खोली बांधून घेतलीय. परत चढले तेव्हा काका माझ्या सीटजवळ टांगलेल्या बाटलीकडं बघत होते. बाटली तळापर्यंत रिकामी होती. त्यांनी ती काढून घेतली, छागलीची तोटी उघडली आणि एक थेंब बाहेर न सांडता ती गळ्यापर्यंत भरली. मग झाकण घट्ट लावून माझ्याकडं दिली आणि म्हणाले, "चाल बाई, घंटी मार."